हौद

मंगळवारी यायची पाण्याची होडी,
म्हणजे समुद्राच्या मनात असलं तर.
तीन बाजूंना चुनखडीचे कडे, चौथीला खाडी.
खोर सिद्रला रस्ता नाहीच.
सव्वीस घरं. शेळ्या कुणी मोजल्या नव्हत्या.
वारा उलटला की होडी खसबच्या धक्क्यालाच बांधलेली
आणि इकडे चहाचे पेले
निम्मेच भरायचे.

मी आलो तो पंपासोबत,
खोक्यातला आणखी एक सुटा भाग.
लोट्याच्या कारखान्यात अकरा वर्षं
आम्लाच्या टाक्या सांभाळलेला फिटर,
आता समुद्र गाळायला.
काम सोपं सांगतो :
पडद्यावर पाणी इतकं रेटायचं
की मीठ हट्टाने मागे राहतं
आणि पाणी कंटाळून पलीकडे जातं.
रेटायचं बळ उन्हाचं. ते इथे उधार मागावं लागत नाही.
फक्त सौर पाट्या पहाटे पुसायच्या,
नाहीतर धूळ आणि खार मिळून साय धरते.

खल्फान वाळूत उकिडवा बसला.
उरलेलं खारट पाणी सोडणार कुठे?
मी नकाशा दाखवला. चाळीस मीटर नळ.
त्याने बोटाने वाळूत खाडी काढली,
एक वळण, एक खडक,
इथे शेरी मासा पिल्लं घालतो, म्हणाला,
आणि माझा नळ दोनशे दहा मीटरवर नेऊन ठेवला.
कंपनीचं उत्तर यायला सतरा दिवस लागले.
नळ शेवटी त्यानेच ओढत नेला, स्वतःच्या होडीने,
फुकट,
वाटभर शिव्या देत.

पहिला पेला मौझाला. गावात तीच थोरली.
तिने घोट तोंडात फिरवला
आणि थुंकली.
मेलंय हे, म्हणाली.
मी मीटर पुढे केला. आकडा उत्तम होता.
तिने आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही,
काठी उचलली, चालू लागली.

कड्याखाली पावसाचं जुनं टाकं, तळाला जेमतेम ओल,
आणि शेजारी शेळ्यांचं दगडी कुंड.
त्यावर काठी आपटून ती म्हणाली, हौद.
हौद, मी म्हणालो.
दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो,
हरवलेली वस्तू परक्याच्या फडताळात दिसावी तसे.
मग तिने कडा दाखवला, वरून खालपर्यंत :
पाणी या दगडावरून उतरतं, म्हणून हिलू. गोड.
आम्हीही गोडंच म्हणतो,
कणभर साखर नसलेल्या पाण्याला.

चुनखडीचं भांडं मूळ यादीत होतं.
खर्च आवरताना कुणीतरी त्यावर रेघ मारली होती.

दोन दिवस पोरं दगड फोडत होती.
खजुराच्या चाळणीने चाळले, धुतले,
निळ्या पिंपात भरले,
आणि गाळलेलं पाणी त्यातून सावकाश सोडलं.
मौझाने पेला संपवला.
बरं-वाईट काही बोलली नाही.
पेला पुन्हा पुढे केला.

किल्ली शम्साकडे दिली. रेडिओ दुरुस्त करणारी,
स्क्रू हरवू न देणारी मुलगी.
तिने वहीत रकाने आखले :
तारीख, दाब, किती तास, कुणी जास्त नेलं.
शेवटचा रकाना माझ्या सांगण्यातला नव्हता.

रूवीच्या खोलीत बाटलीतलं पाणी पितो.
लेबल वाचतो. जिभेला काही लागत नाही.
काल शम्साचा आवाज आला फोनवर, निरोप ठेवलेला :
गाळणी बदलली. दाब ठीक. दगड संपत आलेत,
शुक्रवारी फोडू.
तिच्या मागे कुणीतरी भांडं भरत होतं.
भरताना आवाज चढत जातो ना, बारीक होत,
तसा चढत गेला
काठापर्यंत.
मग तोटी बंद केल्याचा.