मजकूर

दांडिया बाजार, दुपारचे तीन.
"'आमच्याविषयी' या पानावर काय टाकू?"
चौबळकाका पेटीच्या भात्यात डोकं घालून:
"लिही, दुरुस्त करून मिळेल."
"आणि?"
"बस. एटलुंज."

माझ्या वहीत चौकोन आखलेले:
सेवा, फोटो, दर, संपर्क.
फोटोत हात येऊ दिले, चेहरा नाही.
दर? पेटी बघून.
वेळ? दिवे लागेपर्यंत.
"ग्राहकांचे अभिप्राय?"
खण ओढला, तर नुसत्या चिठ्ठ्या,
परत न नेलेल्या पेट्यांच्या.
सगळ्यात जुनी, शाई उडालेली:
कु. यमू खासगीवाले. काळी चार दबते, उठत नाही.
सुट्टी संपली की नेईन.

"हे टाक," म्हणाले, "पेटी तयार आहे म्हणून."

साइट सोमवारी सुरू व्हायचीय.
कुठल्या चौकोनात बसवू, ठरत नाहीये.