भोंग्याच्या टप्प्यात

रात्री दहानंतर, भांडी आवरून झाली की
ओट्यावरच लॅपटॉप उघडतो आम्ही
आणि गोथेनबर्ग पसरून बसतो.
कारखाना नदीपलीकडे.
म्हणजे पंचवटीत, म्हणतो निनाद,
आणि तिथून पुढे सगळं सोपं होत जातं.
ट्राम जिथे जमतात ते सीबीएस.
जिथलं भाडं ऐकून आम्ही हसलो ते कॉलेज रोड.
टेकडीमागचं, झाडाझुडपांचं, सातनंतर कुत्रंही न भुंकणारं
देवळाली कॅम्प.
खरी नावं उच्चारता येत नाहीत.
एकेका अक्षराच्या डोक्यावर गोल असतो,
फणसावर माशी बसावी तसा.

बदली माझी आहे.
निनाद येतोय बिनपगारी रजेवर,
म्हणून नकाशावर बोट त्याचं
आणि घड्याळ माझं.
देवळालीहून ट्राम, मग बस, मग पायी,
एकूण बावन्न मिनिटं.
कॉलेज रोडवरून एकोणीस,
पण एका खोलीत तिघं, आणि खिडकी जिन्यात उघडणारी.
मी एक्सेल काढते. भाडं, पास, शाळा,
आणि अंधार. हा रकाना कृत्तिकाने घालायला लावला.
साडेतीनलाच अंधार पडतो ना तिथे?
मग शाळेतून मी रात्री घरी येणार?

अंधाराला किती गुण द्यायचे
ते सूत्र काही बसेना.

रविवारी जेलरोडला जेवायला.
सासरे चौतीस वर्षं नोट प्रेसमध्ये.
पहिल्या भोंग्याला दाढी, दुसऱ्याला चपला,
तिसरा वाजायच्या आत गेटातून आत.
निवृत्तीनंतर घर घेतलं तेही
भोंगा ऐकू येईल इतक्याच अंतरावर.
त्यांना सांगितलं, थंडी उणे सात.
म्हणाले, निफाडला चार अंशावर पारा आला
की द्राक्षांसाठी बागेत शेकोट्या पेटवतात.
तुमच्यासाठी कोण पेटवणार?

मग चष्मा पुसून माझा तक्ता वाचला,
वरपासून खालपर्यंत,
पूर्वी नोटांचे नंबर तपासत असतील तसा.
बावन्न काय न् एकोणीस काय, ही तुझी मिनिटं झाली.
पोरीला तिसऱ्या तासाला ताप भरला तर?
शाळेची घंटा घरात ऐकू आली पाहिजे.
निनाद म्हणाला, बाबा, तिथे घंटा वाजवत नाहीत.
मग जिथे ऐकू आली असती, तिथे राहा.

वरणावर तूप घेतलं त्यांनी. विषय संपला.

आम्ही घेतलं ते ना कॉलेज रोड, ना देवळाली.
चौथा मजला, समोर गाड्या धुण्याचं दुकान,
शाळा चार मिनिटांवर, कृत्तिकाच्या पावलांनी सहा.
मला दोनदा बदलून सत्तावन्न.
ह्या भागाला नाशिकमधलं नाव काही मिळेना.
निनादने इंदिरानगर लावून पाहिलं, मग अशोका मार्ग,
दोन्ही सैल झाले.
शेवटी खरंच नाव शिकलो.
सगळ्यात आधी कृत्तिकाला जमलं,
माशीसकट.

आज पाथर्डी फाट्यावर कंपनीची बस,
सकाळी सहा वीस, ड्रायव्हरमागची तिसरी सीट.
अकरा वर्षांत पहिल्यांदा मोजलं:
अंबडच्या गेटापर्यंत तेरा मिनिटं.
पांडवलेणीच्या डोंगरावर अजून दिवा लागलेला.
कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला,
आणि चहाच्या टपरीवरच्या चार माणसांनी
एकदमच कप खाली ठेवले.

शेजारच्या भामरेबाईंनी डबा मांडीवर घेत विचारलं,
मिळालं का गं घर?
मिळालं.
लांब आहे?

मला लांब आहे, म्हटलं.