पावती

कपाट आवरताना आईचा थर्मामीटर निसटला.
काच फुटल्याचा आवाजसुद्धा नीट झाला नाही.
फरशीवर वीस-बावीस चांदीचे थेंब,
इतकी वर्षं कुणीतरी दार उघडायचीच वाट बघत होते जणू.

हाच पारा लहानपणी आम्ही काडेपेटीत पाळला होता,
मी आणि वरच्या मजल्यावरचा फिरोज.
तळहातावर नाचवायचो, तोडायचो, जोडायचो,
पाच पैशांना चोळून रुपयासारखं चकाकवायचो.
कुणी ओरडलं नाही. कुणाला ठाऊक होतं?

या वेळी खिडक्या उघडल्या. पंखा बंद.
झाडू लावला नाही, झाडूनं एकाचे हजार होतात.
पोतेरं नाही. मोरीत तर नाहीच.
मोरीचं पाणी कुठं जातं
हे भांडुपात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही,
खाडी पूर्वेला, आणि खाडीतलं
रविवारी ताटात येतं, कालवणाच्या वाफेतून.
दोन जुन्या लग्नपत्रिका घेऊन
गुडघ्यांवर बसून एकेक थेंब हाकलत आणला,
उरलासुरला चिकटपट्टीनं टिपला.
लोणच्याची बाटली, झाकण घट्ट, वर कागद:
पारा. उघडू नये.
अक्षर अगदी आईच्यासारखं आलं.

मग निघाली बाटलीची वरात.
केमिस्ट म्हणाला, पूर्वी विकायचो, आता विकतही नाही.
वॉर्ड ऑफिसात एका खिडकीनं दुसरी खिडकी दाखवली,
दुसरीनं जेवणाची सुट्टी.
माझा पारा चढला. बाटलीतला शांत होता.
भंगारवाल्यानं उजेडात धरून बघितली:
"बाटलीचे दोन रुपये. आतलं तुम्हीच ठेवा."
तीन आठवडे ती गॅलरीत, कुंड्यांमागे.
रात्री उठून बघून यायचो,
घरात कुणाचा तरी ताप उतरायचा राहिलाय तसा.

शेवटी कळलं, कांजूरला, शाळेच्या पटांगणात
महिन्यातून एक शनिवार गाडी येते.
रांग होती. टॉवेलात गुंडाळलेले बल्ब,
बाळंतिणीनं बाळ धरावं तशा धरलेल्या ट्यूबलाइट,
एका गृहस्थांकडे वडिलांचं रक्तदाबाचं यंत्र,
ते द्यावं की नाही ते अजून ठरत नव्हतं.
टेबलामागे शेवंता हिवाळे. हातमोजे, मास्क कपाळावर.
"ट्यूब उभी ठेवा, आडवी नको.
फुटली असली तर आधी सांगा. लपवलं तर त्रास आमच्या पोरांना."

गर्दी ओसरल्यावर विचारलं, हे काम कुठं शिकलात?
"शिकले कुठं! साकीनाक्याला नऊ वर्षं ट्यूबा फोडल्या.
टोकांची टोपणं काढायची, काच वेगळी.
टोपणांना पैसे यायचे.
पांढरी भुकटी उडायची, पावडर थापल्यासारखी तोंडं.
एकमेकींना म्हणायचो, चला, नवरी तयार झाली."
ती हसली. मीही हसलो, मग थांबलो.
"कुणी सांगितलं नाही?"
"ज्यांना ठाऊक होतं ते तिकडं येत नव्हते."

बाटली तिनं वाळूच्या डब्यात बसवली,
कडेनं वाळू दाबली, लहान रोप लावावं तशी.
पावतीपुस्तक उघडलं. नाव विचारलं.
पेन कागदाला लागलं आणि थरथरू लागलं.
'पारा' मधला रा ओळ सोडून घरंगळला,
'एक बाटली' वरच्या रेघेवर चढून बसली.
पुस्तक धरायला मी हात पुढं केला.
"राहू द्या," ती म्हणाली,
"लिहिता येतं मला. आज थंडी आहे जरा."

एप्रिल होता. दुपारचे दोन.
पत्र्याच्या मांडवाखाली माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

मी म्हणालो, हो,
आहे खरी.