गाडी नेणारी

कुणीतरी गाडी न्यावी लागते.
वारा एकाच दिशेचा, शर्यतही त्याच दिशेची,
सुरुवात मिलर्स पॉइंटला, शेवट फिश हूकच्या वाळूत,
आणि टपावरच्या दोन रिकाम्या दांड्या घेऊन
मधला रस्ता माझा.

मथोबिसी पाण्यात उतरतो तेव्हा
त्याच्या पायाला दोरी बांधलीय ना, तेवढं मी बघते.
बोट वीस फूट लांब, रुंदी बसणाऱ्याच्या कमरेएवढी,
वजन बारा किलो. आमच्या आईची मक्याच्या पिठाची गोणी
याहून जड असायची.
हातातून सुटली तर आग्नेय वारा तिला
जुन्या वर्तमानपत्रासारखी उडवत नेतो.
म्हणून दोरी.
बाकीचं त्याचं त्यानं बघावं.

सायमन्स टाउनच्या चढावर मी थांबते.
खाली सगळा उपसागर पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला;
त्यातला कुठला फेस, कुठला माणूस,
ते दुर्बिणीलाही चटकन ठरवता येत नाही.
शेजारच्या गाडीतून टरब्लांशची बायको उतरते,
थर्मासच्या झाकणात मला रूइबोस ओतून देते.
'वारा वाढलाय,' ती म्हणते.
'वाढलाय,' मी म्हणते.

उम्गेनीच्या काठी आम्ही लहान होतो तेव्हा
दर फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात, शर्यत आमच्या दारावरून जायची.
माणसं बोटी खांद्यावर घेऊन टेकडी चढायची,
लालबुंद, धापा टाकत,
आणि पोरं त्यांनी टाकलेल्या बाटल्या वेचायची.
मथोबिसी बोटींचे तुकडे वेचायचा.
बंधाऱ्याखालच्या खडकांवर दुभंगलेली एक बोट
त्यानं राळ आणि बाबांच्या शर्टाचं कापड लावून सांधली.
ती उजवीकडे ओढायची, मरेपर्यंत ओढली.
आजही त्याचा उजवा खांदा
डाव्याहून जाड आहे. शिंप्याला वेगळं सांगावं लागतं.

नदी सांगते, असं तो म्हणतो.
खडकांमधून एक गुळगुळीत काळी जीभ पुढे येते,
तिच्यावर नाक ठेव, ती नेते.
समुद्र काही सांगत नाही.
पुढच्या लाटेच्या पाठीशी खड्डा पडतो,
तो आपण हुडकायचा, त्यात शिरायचं,
चार वल्ही जीव तोडून,
आणि मग
(हे त्याला पहिली दोन वर्षं जमलंच नाही)
मग हात थांबवायचे.
'म्हणजे मारायचंच नाही?'
'लाटेनं उचललंय ना? मग आपण मध्ये कशाला बोलायचं.'

सगळे ठिपके किनारा धरून.
एक मात्र दीपगृहाच्याही पलीकडे, एकटा, बाहेर,
वारं प्यायलेल्या वासरासारखा.
दुर्बिणीत उजवा खांदा आधी वर येतो.
'तो कोण वेडा इतका बाहेर?' टरब्लांशची बायको विचारते.
'कोण जाणे,' म्हणत मी झाकण परत करते,
आणि ग्लेनकेर्नपर्यंत गाडी जरा जास्तच पळवते.

अकरावा आला.
मागच्या वर्षी नववा होता.
वाळूत बोट आडवी टाकून, पाय लटपटत,
तो आधी पाणीसुद्धा मागत नाही.
'एक लाट होती,' म्हणतो, 'दीपगृहापासून.
मी एकदाही हात हलवला नाही, नोसिफिवो.
मोजायलाच विसरलो.'
त्याच्या भुवयांत मीठ वाळलेलं.
एवढ्यात एक पंच येऊन त्याचा नंबर चुकीचा लिहून घेतो,
आणि आम्ही दोघं मिळून तो दुरुस्त करून घेतो.

बोट टपावर चढवली, पट्टे आवळले.
पट्ट्याला एक पीळ द्यावा लागतो,
नाहीतर वाऱ्यात तो वाजतो.
आज घाईत राहिला.
म्युझनबर्गपर्यंत डोक्यावर एकच जाड सूर,
घशातल्या घशात कुणी काही सांगावं तसा.
मथोबिसी खिडकीला टेकून झोपलाय, तोंड उघडं,
तळवे मांडीवर उताणे.
थांबून पीळ द्यायला हवा.
पण गाडी थांबली की हा जागा होतो.