शिली-शॅली

आईच्या तोंडचा शब्द तो,
हेरिंगच्या धुराचा वास असलेला.
भट्टीवर मासे पालटता पालटता हॅना हेस्लप ओरडायची,
"एमॉस, शिली-शॅली पुरे!
दार एकतर उघड, नाहीतर लाव."
आणि पोरगा उंबऱ्यात,
अर्धा धुरात, अर्धा वाऱ्यात.

आपण म्हटलं असतं, तळ्यात-मळ्यात.
पण तिथे तळं नाही, मळाही नाही.
नॉर्थम्बरलंडच्या त्या किनाऱ्यावर आहे
दिवसातून दोनदा बुडणारा एक रस्ता,
पलीकडे बेट, बेटावर सतरा घरं,
सतराव्यात थॉमसिन ऑर्ड,
नवरा समुद्रानं नेलेली.

पोरगा वाढला, पन्नाशीला टेकला.
दर गुरुवारी कोळशाची गाडी घेऊन बेटावर.
सोळा घरं तासाभरात:
पोतं खांद्यावरून थेट कोठीत,
पावती, सुटे पैसे, टोपीला हात, की चालला.
सतराव्या घरी मात्र
"चहा?" ती विचारायची.
"निघायला हवं," तो म्हणायचा,
आणि कोटाच्या एकाच बाहीत हात घालून
उभा राहायचा.
दुसरी बाही लोंबत,
कुणीतरी यायचं राहून गेल्यासारखी.

खिडकीतून रस्ता दिसायचा.
आधी कडेची डबकी एकमेकांना भेटायची,
मग खांबांच्या घोट्याला पाणी,
मग गुडघ्याला.
"गेला रस्ता," ती म्हणायची.
"गेला," तो.
मग कोट खुंटीवर. पाच तास.

पाच तास बोलायचं तरी काय?
यंदा कोळशात दगड फार.
कॅनडाहून बहिणीचं पत्र आलंय, मुलगा पायलट होतोय म्हणे.
सीलनं पुन्हा जाळं फाडलं.
एकदा दोघांनी मिळून भिंतीवरचं घड्याळ उघडलं
आणि काही केल्या ते परत मिटेना.
ते तसंच राहिलं, चाकं दाखवत,
चालत मात्र होतं.

गावात हसायचे. पबमध्ये कुणी ग्लास उचलून म्हणायचा,
"एमॉसला अजून भरती-ओहोटी कळत नाही!"
एमॉसच्या खिशात
भरतीचं वेळापत्रक कधीच नसायचं.
वर्षभराचं पाठ होतं.

मिस फेनविक, शाळेतून निवृत्त, कोपऱ्यात शेरी घेऊन,
एका संध्याकाळी म्हणाल्या,
"हा मुळात शब्दच नव्हे रे. प्रश्न होता.
शॅल आय? शॅल आय?
करू का? करू का?
म्हणता म्हणता झिजला,
एका शॅलचा शिल झाला,
मग प्रश्नचिन्हही गळून पडलं,
आणि उरला नुसता टोमणा."

घरी जाताना एमॉस थांबला, नेहमीसारखा,
पण या वेळी विचार करायला.
प्रश्न दोनदा कशाला?
एका माणसाला एकदा पुरतो.
की दोघं होती ती?
एक दारात: जाऊ का?
एक चुलीपाशी, किटलीकडे बघत: थांबवू का?
दोघांनी विचारलं एकाच वेळी,
म्हणून एकमेकांना ऐकू आलं नाही.
ऐकलं ते बाहेरच्यांनी,
आणि दोन्ही प्रश्न
त्यांनी एकाच्याच खात्यावर मांडले.

पुढच्या गुरुवारी हात कापत होते.
थंडीनं, असं तो स्वतःला सांगत राहिला.
सोळा घरं झाली. दोन पावत्या चुकल्या.
सतराव्या घराचं दार उघडंच.
किटली चुलीवर नव्हती.
दारात थॉमसिन,
निळा रविवारचा कोट,
एक हात बाहीत,
दुसरी बाही लोंबत.

कुणीच काही विचारलं नाही.
दोघं रस्त्याकडे बघत राहिली.
तो अजून कोरडा होता.
पाणी यायला वीस मिनिटं होती,
किंवा एमॉसच्या हिशेबानं
एकोणीस.