तोंड मिटून

सोलापूर. सेटलमेंटची गल्ली, पत्र्याखाली
मी तिलाबाईंना तोच शब्द चौथ्यांदा विचारते.
शेजारचा लूम थांबत नाही,
आलेखात त्याचीच खटखट आधी उमटते,
मग खाली, केसाएवढी, त्यांच्या गळ्याची रेघ.

वर नेला की कोंबडा.
तसाच सोडला की दार.
खाली टेकवला की
"ते पोरीबाळींना सांगत नसतात," आणि हसतात.

मी घरात तेलुगू, शाळेत मराठी,
उधारीपुरतं कन्नड बोलत वाढले.
शब्द म्हणजे अक्षरं, एवढंच ठाऊक.
वहीत बाण काढते. खोडते.

वीज जाते. लूम गप्प.
तिलाबाई ओठ मिटून गुणगुणतात :
दोन सूर, मध्ये एक घसरण.
"तारेच्या आत हजेरी व्हायची ना,
तवा बाप आसं बोलायचा.
शिपायाला वाटायचं, गातोय."

काय बोलायचा?

त्या पुन्हा गुणगुणतात, जरा मोठ्यानं.
अक्षर एकही नाही.
बाण कशावर काढू?

समोरच्या ओट्यावरचं पोर
गोट्या तिथंच टाकून उठतं,
गल्लीच्या दोन्ही टोकांना बघतं,
आणि आत जाऊन
कडी लावतं.