परखी

सौदे चालू आहेत, बंद करता येणार नाही,
उगारेशेठ फोनवर एवढंच म्हणाले.
अकरा वाजले की एका पट्टीला चाळीस सेकंद.
खिडकीपाशी हमालांची रांग, मार्केट यार्डात पिवळी धूळ,
आणि तुमचा प्रोग्रॅम, मुजावर मॅडम,
तंद्री लागल्यासारखा.

चालत्याला थांबवायचं नाही,
पण परखी मारता येते.
हरभऱ्याच्या पोत्यात मारतात तशी,
शिवण न उसवता
मूठभर बाहेर.

सेकंदाला शंभर वेळा मी एकच विचारते:
आत्ता कुठं आहेस?
तो असेल तिथनं सांगतो,
कुणी धाडलं, त्याला कुणी धाडलं,
थेट उंबऱ्यापर्यंत.
लिहून घ्यायचं. सोडून द्यायचं.
एका नमुन्यावर भरवसा नसतो,
दहा हजारांवर थोडा.
विचारण्यातही त्याचा जरा वेळ जातोच;
परखीतनं सांडलेले चार दाणे कुणाचे
यावरनं यार्डात माणसं हातघाईवर आलेली आहेत.

माझा संशय माझ्यावरच होता.
‘अक्षरी रुपये’ मी लिहिलेलं,
एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी,
मराठीतल्या प्रत्येक आकड्याचं वेगळं कौतुक,
सगळं गिचमिड.
शंभरात तीन नमुने.
सुटकेबरोबर जरासा अपमानही वाटला.

शंभरात ऐंशी वेळा
तो एकाच ओळीवर सापडला,
काही करत नव्हता. उभा होता.
चौगुले सरांची ओळ:
दर पोत्याच्या वजनामागं थांब,
सेकंदाचा पाचवा हिस्सा.
वर टीप: घाई करू नये. कागद अडकतो.

तो प्रिंटर, करकरणारा,
दोन्ही कडांना भोकांचा कागद ओढणारा,
पुरात गेला. चिखलासकट भंगारात, किलोवर.
सर मिरजेला लेकाकडं, गुडघे धरलेले.
आणि हा इथं
दीडशे पोत्यांचं वक्कल आलं की
दीडशे वेळा थांबतो,
नसलेल्या कागदाला वाट देत.
इतक्या वर्षांत कुणी त्याला सांगितलंच नाही.

दोन वाजता सौदे उठले, मग ओळ काढली.
टीप काढायला हात झाला नाही;
आता तिच्याखाली काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला पट्टी आली
आठव्या सेकंदाला.
बंडा हजारेनं ती उजेडात धरली,
मागची बाजू पाहिली,
पुन्हा खिडकीतनं आत सरकवली.
"एवढ्यात? सगळी पोती धरलीत न्हवं?"